आठवणींच्या पानांचे रंग

अलीकडे आपल्या घरांतून एक नवी वही तयार होऊ लागली आहे. तिला कागद नसतो, खळ नसते. नाशिक-पुण्याला किंवा परदेशी असलेली नातवंडे आजी-आजोबांची जुनी छायाचित्रे मोबाइलवर गोळा करतात, त्यांची पाने सजवतात, खाली चार ओळी लिहितात आणि ती डिजिटल स्मृतिवही गावी पाठवून देतात. नामपूरच्या माझ्या दवाखान्यात अशी वही कौतुकाने दाखवणारे ज्येष्ठ आता वरचेवर भेटतात. मात्र वही दाखवताना त्यांतील अनेकजण फोन कधी दूर धरतात, कधी तिरपा करतात, आणि शेवटी म्हणतात, “डॉक्टर, तुम्हीच वाचा.” पाने पंचविशीतल्या डोळ्यांनी रंगवलेली असतात, पाहायची असतात ऐंशीतल्या डोळ्यांनी.

हा फरक केवळ चष्म्याच्या नंबराचा नाही. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि ते निळा-जांभळा प्रकाश अडवू लागते. त्यामुळे गडद निळा काळ्यासारखा दिसतो, निळ्या-हिरव्यातले अंतर पुसट होते, पांढरा मळकट वाटतो. बाहुलीही लहान होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू वाढला की हे सारे अधिक तीव्र होते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदूने ग्रासले, तेव्हा त्यांच्या चित्रांतले रंग तांबूस-तपकिरी होत गेले. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना निळा रंग पुन्हा दिसू लागला. रंगांवर आयुष्य काढलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या आजीने फिक्या जांभळ्या पानावरची निळी अक्षरे कशी वाचावीत?

स्मृतिभ्रंश असलेल्या माझ्या एका वृद्ध रुग्ण महिलेच्या नातीने अशीच वही केली होती. आकाशी पार्श्वभूमी, पांढरी नाजूक अक्षरे, कोपऱ्यांत फुले. आजींची नजर पानावर ठरेना. “आजी आता आम्हाला ओळखतच नाहीत,” असे सूनबाई हताशपणे म्हणाल्या. मी नातीला एवढेच सुचवले, की सजावट बाजूला ठेव आणि आजीच्या लग्नातल्या फोटोमधूनच रंग घे. पुढच्या खेपेस पान मोतिया रंगाचे होते, अक्षरे ठसठशीत व गडद होती, आणि फोटोभोवती लुगड्याच्या काठाची बारीक रेघ होती. आजींनी बराच वेळ पाहिले, काठावर बोट ठेवले आणि अहिराणीत म्हणाल्या, “हाई मन्हं लुगडं.” नात्यांची नावे काही परतली नाहीत, तो आजार तसा परत फिरत नाही. पण त्या दिवसापासून सूनबाई रोज संध्याकाळी ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसू लागल्या. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही असे काही त्या घराला मिळाले.

रंगसंगतीचा पाठ आपल्याला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी डोळ्यांसमोर आणावी: अंगाचा एक रंग, काठ-पदराचा त्याहून वेगळा उठून दिसणारा रंग, आणि जरीची चमक मोजकीच. वहीचे पानही असेच असावे. पानाचा मोठा भाग एका शांत रंगाचा, अक्षरांना दुसरा गडद रंग, आणि तिसरा केवळ रेघेपुरता. आवडत्या फोटोकडे डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरघळतात आणि दोन-तीन मुख्य रंग उरतात, तेच घ्यावेत. पाने सजवण्याच्या बहुतेक ॲपमध्ये थेंबनळीसारखे चिन्ह असते. ते फोटोवर टेकवले की तिथला रंग उचलला जातो. तो दाट सावलीतून किंवा चकाकणाऱ्या जागेतून न घेता, सारख्या उजेडातल्या भागातून घ्यावा. त्या वेळी फोनचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद असावा. नाहीतर निवड फसते.

जुन्या फोटोंबाबत एक सावधगिरी हवी. रंगीत छपाईतील तीन रंगद्रव्ये एकाच गतीने विटत नाहीत. त्यातले निळसर द्रव्य आधी उडाले, की सारा फोटो लालसर दिसतो. म्हणून विटलेल्या फोटोचा रंग खरा मानू नये. घरातल्या ज्येष्ठांनाच विचारावे. “हे लुगडं डाळिंबी होतं की आमसुली? बैलांच्या झुली कोणत्या रंगाच्या होत्या?” फोटो कृष्णधवल असेल तर हा प्रश्न अधिकच रंगतो. अशा एका प्रश्नातून बाजार, दुकानदार, लुगड्याची किंमत आणि ते नेसून मोसमकाठी काढलेला एखादा दिवस, असे बरेच काही उलगडते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्येच मांडले होते, की म्हाताऱ्या माणसाचे गतायुष्यात रमणे ही दुर्बलता नव्हे, ती जगलेल्या आयुष्याची जुळवाजुळव असते.

रंग निवडल्यावर पान एकदा कृष्णधवल करून पाहावे. अक्षरे पार्श्वभूमीत बुडाली तर ती जोडी बाद करावी. संगणकावरील मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान 4.5 ला 1 असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ज्येष्ठांसाठी 7 ला 1 चांगले. निव्वळ पांढरे पान मोतीबिंदूच्या डोळ्यांना झळाळते, म्हणून साय किंवा मोतिया रंग बरा. भडक लालावर निळी अक्षरे टाळावीत. फोटोवरच मजकूर छापू नये. एका पानावर एकच फोटो पुरे.

वही पाहताना कधी आजारही उघडा पडतो. नेहमीचे रंग अचानक फिके वाटणे, एका डोळ्याने वेगळेच दिसणे, दिव्याभोवती वलये दिसणे, यांपैकी काही आढळल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे. त्यासोबत डोळा लाल होऊन दुखत असेल तर त्याच दिवशी. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल घेताना लाल-हिरवा ओळखू येईनासा झाला, किंवा हृदयाचे डिगॉक्सिन घेताना सारे पिवळे दिसू लागले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

शेवटी, सांभाळणाऱ्यांना एक विनंती. वही समोर धरून “हा कोण? ओळखा पाहू,” अशी परीक्षा घेऊ नये. “हे आपले अण्णा, हळदीच्या दिवशीचे,” असे आपणच सांगावे आणि थांबावे. दिवंगत जोडीदाराचा फोटो पाहून डोळे भरून आले तर घाईने पान उलटू नये. हात हातात घ्यावा. मन अस्वस्थच होत असेल तर वही मिटावी. खोलीत उजेड पुरेसा असावा, चष्मा पुसलेला असावा, आणि एका बैठकीत चार-पाच पानांहून अधिक पाहू नयेत. उरलेली पाने दुसऱ्या दिवशीसाठी राहू द्यावीत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्याजवळ बसणार आहे, एवढे आश्वासनही वृद्ध माणसाला पुष्कळ असते.