पाय झेलणारा

मोटारीत बसणारे थोडे आणि मोटारीवर उभे राहणारे पुष्कळ, असा एक काळ होता. त्या पुष्कळांचा भार वाहिला फूटबोर्डने. पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत दाराखाली आडवा पसरलेला पत्रा, त्यावर काळं रबर आणि रबरावर लांबीच्या दिशेने उठवलेल्या बारीक रेघा. मालक त्याच्यावर एक पाऊल टेकवी आणि आत गादीवर जाऊन बसे. क्लीनरचा मुक्काम मात्र तिथेच. एका हाताने दाराची चौकट धरायची, दुसऱ्याने मागच्या गाडीला हात करायचा आणि वळणावर अंग आत झुकवायचं. घरच्या पोरांना गाडीत चढायची मनाई असे. उभ्या गाडीवर त्यांचा सगळा प्रवास चाले तो फूटबोर्डवर.

निपाणीच्या वखारींच्या आणि बेळगाव कॅम्पातल्या बंगल्यांच्या आवारांना या गाड्यांची ओळख होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि शेव्हरोले तिथे जोडल्या जाऊ लागल्या. एसटी १९४८ ला आली. त्याआधी रस्त्यावर राज्य होतं ते खाजगी सर्व्हिस मोटारींचं. आतली जागा संपली की उरलेले उतारू फूटबोर्डवर उभे. तवंदी घाटाच्या चढावर इंजिन धापा टाकत असताना बाहेरच्यांच्या तोंडावर धूळ आणि धूर दोन्ही यायचे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला या गाड्या जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कागद बदलले, पायाखालचं रबर तेच राहिलं.

तोवर नव्या गाड्यांनी फूटबोर्डला रजाही दिली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींचं अंग रुंद होत गेलं, मडगार्ड अंगात विरघळले आणि दाराखालची जागा उरली नाही. ॲम्बॅसेडरला फूटबोर्ड नव्हताच. फोक्सवॅगनच्या बीटलने तेवढा तो शेवटपर्यंत सांभाळला, म्हणजे २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली तोवर.

निपाणीकडच्या एका जुन्या शेव्हरोलेचे दोन्ही फूटबोर्ड मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सुटे केलेले पाहिले. उजव्या बाजूच्या फूटबोर्डवर पुढच्या दारासमोर रेघा पार पुसून गेल्या होत्या. ड्रायव्हरच्या चढउताराने झालेली ती झीज. डाव्या बाजूच्यावर मागच्या दाराशी टाचेएवढा उथळ खळगा. दोन्हींचा मधला भाग मात्र जवळजवळ कोरा, रेघांना अजून धार होती. गाडीचा मालक कुठे बसे, कोण कुठून उतरे, हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिथल्या मिस्त्रींनी त्यातला एक उलटा केला आणि पटाशीने खरवडला तेव्हा आधी तांबड्या मातीचा थर निघाला, त्याखाली काळ्या मातीचा. बेळगाव-खानापूरची तांबडी, निपाणीच्या शिवाराची काळी. दोन्ही एकमेकींवर घट्ट बसल्या होत्या.

"वरनं धडधाकट दिसतोय ओ," मिस्त्री म्हणाले. "पत्रा खालनं गेलाय बघा. रबरानं नुसतं झाकून धरलंय."

रबराचं दुखणं असंच लपून वाढतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, मग रेघांच्या मुळाशी केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून आणि बोल्टच्या भोकांतून पावसाचं पाणी पत्र्यापर्यंत पोचतं. तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. गंज फुगतो, रबर उचलतो, आणि वरून बघणाऱ्याला फक्त एक फुगवटा दिसतो.

इथे बहुतेकजण सोपी वाट धरतात. बाजारात रेघांची रबरी मॅट मिळते. ती कापायची, सोल्यूशन लावून चिकटवायची, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारायची. दिसायला बरं दिसतं. पण कारखान्यात हे रबर पत्र्यावर चिकटवलेलं नव्हतं, साच्यात दाबून आणि तापवून त्याच्याशी एकजीव केलेलं होतं. बेळगावच्या पावसात चिकटवलेली कड सुटते आणि आत पुन्हा तोच ओलावा कोंडला जातो. म्हणून मला ही मलमपट्टी पटत नाही.

योग्य काम वेळखाऊ आहे, पण ते करायला बेळगावसारखं गाव नाही. इथे फाउंड्री आहेत, पॅटर्न करणारे सुतार आहेत, टायर रिमोल्ड करणारी दुकानं आहेत. आधी जुन्या रबराच्या न झिजलेल्या मधल्या भागाचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा; तोच एक खरा पुरावा असतो. मग पत्रा खालून मंद तापवायचा म्हणजे रबर सुटतं. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा. फाउंड्रीतल्या शॉट ब्लास्टिंगचा मोह आवरायचा, कारण ओतीव कामाला साफ करणारा तो मारा पातळ पत्र्याला वाकवतो. हलक्या दाबाची वाळू पुरे. ठशावरून लाकडी पॅटर्न, पॅटर्नवरून ॲल्युमिनियमचा साचा. पत्र्यावर रबर धरणारा प्राइमर, त्यावर गंधक मिसळलेलं कच्चं रबर, आणि मग साच्यात दाबून दीडशे अंशांच्या आसपास शिजवायचं. टायरवाल्याला हे शिकवावं लागत नाही. त्याला फक्त सांगावं लागतं की कड पत्र्याच्या खाली नीट दुमडून घे, पाणी शिरतं ते तिथूनच.

कायद्याचीही याला आडकाठी नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, त्यात अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नको. फूटबोर्ड मूळ रूपात परत आणणं हा फेरबदल नव्हेच.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोकांचे डोळे गाडीच्या नाकावर आणि आत बसलेल्यांवर असतात. माझे आधी दाराखाली जातात.

नव्याने रबर चढवलेल्या फूटबोर्डबद्दल एक विनवणी मी प्रत्येक गाडीवाल्याला करतो. गॅरेजात रबर काळं कुळकुळीत दिसावं म्हणून डिझेलच्या चिंधीने पुसायची सवय असते. नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी वापरा, आणि बोल्टच्या भोकांत रबरी वॉशर घातल्याशिवाय तो गाडीला लावू नका.