केसतूड

डोक्यावरचे केस, दाढी, मिशा यांच्याविषयी आमच्या भाषेत म्हणींचा तोटा नाही. परंतु जांघेतील केसांचे नाव निघाले की सुशिक्षित गृहस्थही आढ्याकडे पाहू लागतो. तरी केसाच्या मुळाशी होणाऱ्या गळवाला ‘केसतूड’ हा नेमका शब्द आमच्या आजीपाशी होता. शब्द जिभेवर होता. ते कोठे झाले, एवढेच सांगायचे नसे.

मांजरसुंब्यास आमचे एक मामा राहतात. बीडहून घाट चढून आले की जेथून पाटोद्याची, नेकनूर-केजची आणि चौसाळ्याची वाट फुटते, ते हे गाव. मामा साठी उलटलेले, मधुमेही, आणि स्वच्छतेचे मोठे भोक्ते. दाढीचे पाते गालाला बोथट लागू लागले की ते जांघेसाठी राखून ठेवावयाचे, ही त्यांची अनेक वर्षांची काटकसर. गेल्या उन्हाळ्यात त्या पात्याने जरा कापले; दुसऱ्या दिवशी केसतूड आले. पाच दिवस ते लंगडत होते आणि मामी गुडघ्याला तेल चोळीत होत्या. सहाव्या दिवशी ताप चढून शुद्ध हरपू लागली, तेव्हा कोठे धोतराखालचा प्रकार उघडकीस आला. डॉक्टरांना बराच भाग चिरून पू काढावा लागला. पुढे आम्ही भेटावयास गेलो तेव्हा मामा एवढेच म्हणाले, “सांगायचं कुणाला रे? सुनेला?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मधुमेह्याच्या रक्तातील साखर जंतूंशी झुंजण्याची शक्ती कमी करते, आणि जांघेतील जखम कधीकधी काही तासांत आतील मांस सडवीत जाते. पॅरिसच्या फूर्निये नामक डॉक्टराने १८८३ साली वर्णिलेला रोग तो हाच. अशा रोगात पाच दिवसांचा संकोच जिवावर बेततो.

मुळात हे केस म्हणजे घाण, हीच समजूत चुकीची. ते घर्षण सोसतात; घाण असते ती न धुतलेल्या त्वचेवर. ज्यांस काढावयाचे असतील त्यांनी खुशाल काढावेत. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांत तर चाळीस दिवसांच्या आत ते काढावेत असा धर्माचा दंडक आहे, आणि दंडक असल्यामुळे मुलास ते शिकविणेही ओघानेच येते. आमच्याकडे मुलगा चोरून शिकतो. मुलगी मैत्रिणीकडून अर्धवट ऐकते व केस घालविण्याचे मलम नको तेवढ्या आतपर्यंत लावून भाजून घेते.

सुश्रुताला हा संकोच नव्हता. व्रणाभोवतीचे केस काढण्यासाठी त्याने वस्तरा, कात्री आणि चिमटा सांगितला, शंखाची भुकटी व हरताळ यांचा लेपही सांगितला. हरताळ म्हणजे सोमलाचाच भाऊ. तेव्हा तो लेप आज कोणी करू नये. वस्तऱ्याविषयी मात्र आता निराळेच कळले आहे. तो केसांबरोबर त्वचेचे डोळ्यांस न दिसणारे तुकडे नेतो व जंतूंना दार उघडून देतो. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा फिरविलेल्या रोग्यांत शंभरांमागे ५.६ जखमा चिघळल्या. ज्यांचे केस तसेच ठेवले किंवा मलमाने काढले त्यांच्यांत ०.६. बाळंतिणीचे केस भादरल्याने ताप टळत नाही, हे तर तिकडे १९२२ सालीच दिसून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत, असे सांगितले. तरीही कळा देणाऱ्या स्त्रीसमोर वस्तरा घेऊन उभे राहण्याची चाल कित्येक ठिकाणी अजून सुटत नाही. त्या स्त्रीने नको म्हणावयाचे तरी कसे?

कात्रीने किंवा केस कापण्याच्या यंत्राने बारीक कापणे हे सर्वांत निर्धोक. मधुमेह्याने तेवढ्यावरच थांबावे. पाते वापरावयाचेच तर नवे आणि स्वतःचेच असावे, कारण दुसऱ्याच्या पात्यावरून काविळीचे जंतू येतात. आधी कोमट पाणी, साबणाचा भरपूर फेस, मग केसांच्या दिशेने हलका हात. पुढे दोन दिवस सैल सुती कपडे. लाली पसरू लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे सर्व लिहिताना आम्ही दिवा, आरसा आणि कडी लागणारे न्हाणीघर गृहीत धरले आहे. याच बीड जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि फडाजवळच्या कोपीत महिनोनमहिने राहतात. तेथील बाई उजाडण्यापूर्वी लुगड्याच्या आडोशाला दोन तांबे अंगावर घेते. तिला आम्ही कोणते पाते सुचवावे? तिने ते केस तसेच ठेवावेत, आणि दुखले तर मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता दवाखान्यात जाता यावे. पण दिवसाचा खाडा पडला की मजुरीतून पैसे कापले जातात, हे ती आमच्यापेक्षा चांगले जाणते.