नाव आधी की नियम आधी?

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गोव्यात माणूस वाद घालणार तो फुटबॉलवर, नाहीतर नाटकावर, नाहीतर कुठल्या गावचं भजन सरस यावर. बॉक्सिंगशी माझी ओळख पेपरच्या खेळाच्या पानापुरती. तरीही गेली काही वर्षं मी या खेळाच्या बातम्यांची कात्रणं एका जुन्या फायलीत लावून ठेवतोय. सौ. विचारते, "एवढं कोणाला ठोसा मारायचाय तुम्हाला?"

कारण सांगतो. मी सरकारी कारकून. वीस-बावीस वर्षं टिपण्या लिहितोय, ज्येष्ठता याद्या तयार करतोय, बढती समितीच्या बैठकांची इतिवृत्तं टंकून देतोय. ठोसा कुठे लागला ते मला कळत नाही, पण निवड समितीत काय झालं असेल ते मात्र बरोबर कळतं. आणखीही एक कारण आहे. ते जरा अवघड आहे, शेवटी सांगतो.

फायलीतलं पहिलं कात्रण २८ डिसेंबर २०१९ च्या लढतीचं. त्या दिवशी दिल्लीत मेरी कोम आणि निखत झरीन यांची ५१ किलो गटातली निवड चाचणी झाली. ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला कोणी जायचं ते ठरवायला. मेरी कोमने ती ९-१ अशी जिंकली आणि लढतीनंतर निखतशी हात मिळवला नाही. बहुतेक लोक त्या न मिळवलेल्या हाताबद्दल बोलत होते. मला कुतूहल होतं ते ही लढत मुळात होईपर्यंत एवढं रामायण का झालं याचं.

झालं होतं असं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेसाठी मेरी कोमची निवड चाचणीशिवायच झाली. तिने तिथे कांस्य मिळवलं, जागतिक स्पर्धेतलं तिचं आठवं पदक. ऑलिंपिक पात्रतेसाठी महिलांमध्ये थेट प्रवेश सुवर्ण किंवा रौप्य मिळवणाऱ्यांनाच, असं आधी ठरल्याचं छापून आलं होतं. पण कांस्य आल्यावर महासंघाचे अध्यक्ष अजय सिंह यांनी मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवण्याचा मानस बोलून दाखवला. तेव्हा तेवीस वर्षांच्या निखतने तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांना पत्र लिहिलं. मागणी एवढीच की मला एक चाचणी द्या. बराच गदारोळ झाला आणि शेवटी चाचणी झाली.

आता बघा, मेरी कोमच वरचढ होती हे ९-१ ने सिद्ध झालं. त्याच वर्षी मे महिन्यात गुवाहाटीत तिने निखतला हरवलं होतंच. म्हणजे महासंघाचा अंदाज चुकीचा नव्हता! मग चुकलं काय? आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. भरती नियम आधी राजपत्रात छापून येतात, जाहिरात नंतर निघते आणि अर्ज त्यानंतर येतात. हा क्रम उलटा केला, अर्ज बघून नियम केला, तर निवडलेला माणूस कितीही लायक असो, ती निवड डागाळतेच. आणि डाग लागतो तो लायक माणसालाच. सहा वेळा जगज्जेती झालेल्या बाईला हे ओझं उगीच वाहावं लागलं. चाचणीने तिला जे दिलं ते कोणत्याही समितीच्या शिफारशीने दिलं नसतं. यादीतलं तिचं नाव निर्विवाद झालं.

निखतला काय मिळालं? हार. पण सगळ्यांसमोर झालेली, गुणांसकट नोंदलेली. ती पचवता येते. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला ती स्वतः जगज्जेती झाली. त्या चाचणीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. पण चाचणी झालीच नसती तर तिच्या मनात काय राहिलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

मंडळी, हे सगळं एका माणसाच्या लहरीने होतं असं समजू नका. घराचा पायाच हलत असला तर खिडकी नीट बसत नाही. भारतीय हौशी बॉक्सिंग महासंघाची ही कथाच तशी आहे. अध्यक्ष अभय सिंह चौटाला यांना सरकारच्या कार्यकाळाच्या नियमामुळे पुन्हा उभं राहता येईना. २०१२ च्या निवडणुकीत त्यांचे मेहुणे अभिषेक मटोरिया अध्यक्ष झाले आणि चौटालांसाठी चेअरमनपद निघालं. खुर्ची दुसरी, घर तेच. त्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याच्या संशयावरून आंतरराष्ट्रीय संघटनेने डिसेंबर २०१२ मध्ये महासंघाला निलंबित केलं आणि मार्च २०१४ मध्ये त्याचं सदस्यत्वच काढून घेतलं.

मग 'बॉक्सिंग इंडिया' नावाची नवी संघटना उभी राहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये संदीप जाजोदिया अध्यक्ष आणि आपले मुंबईचे जय कवळी सरचिटणीस झाले. मराठी माणूस म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण मे २०१५ मध्ये राज्य संघटनांनीच अविश्वास आणला आणि दोघांनाही पद सोडावं लागलं. त्यानंतर तात्पुरती समिती. सप्टेंबर २०१६ मध्ये आजचा भारतीय बॉक्सिंग महासंघ स्थापन झाला, पण तोवर रिओ ऑलिंपिक होऊन गेलं होतं.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकला आपले आठ बॉक्सर गेले होते आणि मेरी कोमने कांस्य आणलं होतं. रिओला गेले तीन, त्यात मुलगी एकही नाही, पदकही नाही. तिथे आपल्या खेळाडूंच्या पोशाखावर देशाचं नाव नाही म्हणून बाद करण्याची ताकीद मिळाल्याची बातमी आली होती. ते कात्रण माझ्याकडे आहे. भांडणं कोणाची आणि छाती कोरी कोणाची, बघा!

महासंघात मत असतं राज्य संघटनांना, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींना. २०२१ मध्ये अजय सिंह यांनी मुंबईच्या आशिष शेलारांना ३७-२७ असं हरवलं. पुढची मुदत संपली २०२५ च्या सुरुवातीला. तेव्हा उमेदवार कोण होऊ शकतो याच नियमावरून वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेला आणि निवडणूक लांबत ऑगस्टमध्ये झाली. अजय सिंह तिसऱ्यांदा निवडून आले. म्हणजे रिंगणातल्या मुलीसाठी जो प्रश्न, तोच खुर्चीसाठीही. नियम आधी की नाव आधी?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चाचणी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. एका दिवसाच्या लढतीत चांगला खेळाडू पडू शकतो. कोणाला ताप असेल, कोणाला वजन उतरवताना थकवा आला असेल. याच विचाराने २०२३ मध्ये महासंघाने पद्धत बदलली. बर्नार्ड डन या आयरिश संचालकांच्या देखरेखीखाली शिबिरातल्या खेळाडूंना सुमारे तीन आठवडे वेगवेगळ्या कसोट्यांवर गुण द्यायचे आणि त्यावरून संघ ठरवायचा. कागदावर ही पद्धत मला पटते. आमच्याकडेही एका मुलाखतीवर बढती देत नाहीत, वर्षावर्षाचे अहवाल बघतात.

तरी काय झालं? दिल्लीच्या जागतिक स्पर्धेआधी मंजू राणी, शिक्षा नरवाल आणि पूनम पूनिया या तीन राष्ट्रीय विजेत्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. मंजू राणीच्या ४८ किलो गटात निवडलेल्या नीतू घंघासने सुवर्ण जिंकलं. पाठोपाठ पुरुषांच्या संघावरून अमित पंघल पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. त्याच्या जागी गेलेल्या दीपक भोरियाने ताश्कंदला कांस्य आणलं. म्हणजे पुन्हा निवड समितीच बरोबर! पण ज्यांना वगळलं त्यांना आपण नेमके कुठे आणि किती कमी पडलो हे पटलं नाही, म्हणून तर ते कोर्टाची पायरी चढले. पुढे पॅरिसच्या वेळी ५१ किलोत शेवटी पात्र ठरला तो पंघलच, आणि २०२४ च्या त्या ऑलिंपिकमधून आपले सहाही बॉक्सर रिकाम्या हाताने परतले. तेव्हा कोणतीही पद्धत पदकाची हमी देत नाही. पद्धतीने एकच हमी द्यायची असते. वगळलेल्या माणसाला आपला कागद बघता आला पाहिजे.

आता ते अवघड कारण.

दहाएक वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या भजनी मंडळाचा चिटणीस होतो. एका स्पर्धेत भाग घ्यायचा होता. गायक ठरलेला, पेटीवाला ठरलेला. प्रश्न पखवाजाचा. एकीकडे आबा, तीस वर्षं मंडळाचा पखवाज त्यांच्याच मांडीवर. दुसरीकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा. फोंड्याला जाऊन रीतसर शिकलेला, हात तयार, रोज संध्याकाळी देवळात सगळ्यांच्या आधी हजर. काही जण म्हणाले, दोघांनाही एकेक अभंग वाजवू दे, गायकाला आणि बुवांना ठरवू दे. मी म्हटलं, छे! आबांची परीक्षा घ्यायची? त्यांना काय वाटेल? वहीत लिहून टाकलं, 'पखवाज : आबा.' आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'ज्येष्ठतेनुसार.' खरं तर आमच्या मंडळात ज्येष्ठतेचा असा कुठलाही नियम नव्हता. नाव आधी आलं, नियम मागून. कारकुनाच्या हाताला ते सहज जमतं.

आबांनी सुरेख वाजवलं. आम्हाला बक्षीस मिळालं. परतताना गाडीत मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. बघा, माझी निवड बरोबर होती की नाही!

मुलगा नंतर तालमीला येईनासा झाला. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, "रागावलास की काय रे?" त्याने नाही म्हटलं. थोडं थांबून म्हणाला, "काका, म्हाका एक फावट वाजोवंक तरी दिवपाचें आशिल्लें." बस, एवढंच. एकदा वाजवायला तरी द्यायचं होतं. आबांपेक्षा मी सरस, असं तो म्हणाला नाही. कदाचित हरलाही असता. पण मी त्याची हारसुद्धा त्याच्याकडून काढून घेतली होती.

तेव्हा मला ते फारसं बोचलं नाही. बोचलं ते त्या डिसेंबरमध्ये, निखत झरीनने काय मागितलं होतं ते पुन्हा वाचताना. त्याच रात्री मी फाईल उघडून पहिलं कात्रण लावलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांवर देखरेखीला क्रीडा मंडळ, तंटे सोडवायला न्यायाधिकरण, कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला, अशा तरतुदी त्यात आहेत. चांगलंच आहे. पण तीस-बत्तीस कायदे हाताळलेला माणूस म्हणून सांगतो, कायदा वहीपर्यंत पोचतो, लिहिणाऱ्याच्या हातापर्यंत पोचेलच असं नाही. तिथे शेवटी कोणीतरी माझ्यासारखाच बसलेला असतो. त्याला आबांची भीड असते, साहेबांचा धाक असतो, आणि आपलं बरोबरच आहे अशी खात्री असते. ही खात्रीच घात करते.

आबा आता नाहीत. मी चिटणीसपद सोडलं, पण सोडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक ठराव घालून घेतला : स्पर्धेसाठी प्रत्येक जागेची निवड सर्वांसमोर वाजवून किंवा गाऊन होईल, आणि निर्णय का दिला ते लिहून ठेवलं जाईल. पहिल्या वर्षी थोडी कुरबूर झाली. नंतर सवय झाली.

तो मुलगा आता वेर्ण्याला कारखान्यात नोकरी करतो. गेल्या चवथीला त्यांच्या घरी आरतीला गेलो होतो. घुमट त्याच्या हातात होतं. काय वाजवलं त्याने! आरती संपल्यावर प्रसाद घेताना त्याला त्या ठरावाबद्दल सांगावं असं वाटलं. माफी मागावी असंही वाटलं. दोन्ही झालं नाही. 'छान वाजवलंस रे' एवढंच म्हणून बाहेर पडलो.

म्हणून हे इथे लिहिलं. तो वाचतो की नाही, माहीत नाही.