आश्विनातली चिकण माती

पावसाळा सरला की भाईंदरच्या मिठागरांत पहिले काम मातीचे निघते. चार महिन्यांचा गाळ उपसायचा, ढासळलेले बांध सावरायचे आणि वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून असा घट्ट करायचा, की आत घेतलेले खाडीचे पाणी खाली मुरू नये, उन्हानेच आटावे. पिढ्यानपिढ्या हे काम करणाऱ्या आगरी समाजाइतका चिकण मातीचा स्वभाव क्वचितच कुणी ओळखला असेल. त्याच आश्विन-कार्तिकात मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांत बागेची कामे निघतात आणि तिथली तक्रार ठरलेली असते: पावसात चिखल, उन्हात दगड, पाणी मुरत नाही, झाड धरत नाही; ही माती काढूनच टाका. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मधल्या खाजणांवर, भातखाचरांवर भराव घालून वाढलेले हे शहर. इथली जमीन चिकण असायचीच. पण ती घट्ट करायला मिठागरात इतके राबावे लागते, त्या अर्थी घट्टपणा हा तिचा जन्मजात दोष नव्हे. बराचसा तो तिला मिळालेल्या वागणुकीचा परिणाम आहे. मग ती सुटीही करता येते, आणि त्याची वेळ हीच, परतीचा पाऊस थांबल्यानंतरची.

चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. त्याचा आकार बदलणे आपल्या हातात नाही. कणांची मांडणी मात्र आहे. कण एकत्र येऊन बारीक ढेपळे झाली, की त्यांच्यामधून हवा-पाणी खेळते. ते विस्कटून थापले गेले, की वाटा बुजतात. खाऱ्या पाण्यातला सोडियम त्यांना विस्कटतो, कॅल्शियम आणि कुजलेला पाला त्यांना बांधून ठेवतात. आपल्या बागेत काय चालले आहे हे कळायला काचेचा पेला पुरे. वाटाण्याएवढे सुके ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडावे आणि पेला हलवू नये. ढेकूळ फुटून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले, तर सेंद्रिय खताने काम भागेल. त्याच्याभोवती गढूळ वलय धरून ते पसरत गेले, तर सोडियमचा जोर आहे. तिथे जिप्सम कामी येते, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेल्या सोडियमला वाहून जायला मात्र वाट लागते, म्हणून आधी निचऱ्याचा चर, मग जिप्सम. कोकणातला खारजमिनीचा शेतकरी हे तत्त्व फार पूर्वीपासून पाळत आला आहे: भरती अडवणारा बांध, ओहोटीला आतले पाणी सोडणारी उघाडी, आणि पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघाल्यावरच भात.

यावर घाईचा आक्षेप येतो: इतके कशाला, वाळू मिसळा, नाहीतर लाल माती आणा. वाळूने पोत बदलायचा तर ती निम्म्याहून अधिक घालावी लागते. थोडीशी घातली तर चिकण कण तिच्या फटींत बसतात आणि माती वाळल्यावर आणखी टणक होते. खाडीची रेती असेल तर मीठही सोबत येते. लाल माती अधिक फसवी, कारण पहिल्या वर्षी ती खरोखर छान दिसते. पण चिकण जमिनीत खणलेला खड्डा हलक्या मातीने भरला, की दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या किनाऱ्यावर तो हौदासारखा तुंबतो आणि मुळे कुजतात. शिवाय ती माती कुठला तरी डोंगर खरवडूनच आलेली असते, आणि हे मला मुळातच पटत नाही.

उरतो पाला. थंड देशांत पाने शरदात झडतात. आपल्याकडची पानगळ मुख्यतः माघ-फाल्गुनातली, आणि ते आपल्या पथ्यावरच पडते. तेव्हाचा पाला ओलसर करून झाकून ठेवला, तर पावसाळ्याच्या दमट उष्म्यात कुजून तो आश्विनापर्यंत काळा, भुसभुशीत होतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली होती आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितले होते. तो गाडीत भरून उत्तनच्या कचराभूमीवर धाडण्यात ना बागेचे हित आहे, ना उत्तनकरांचे. खत मिसळायचा दिवस वाफशाने ठरतो. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडावी. गोळा विखुरला तर वाफसा आला, चपटा होऊन चिकटला तर थांबावे. ओल्या मातीत कुदळ घातली, की पाते लागलेली बाजू लिंपल्यागत चकचकीत होते. म्हणजे मिठागरातले तुडवणेच झाले. ऑक्टोबरच्या उन्हात वाफसा फार दिवस टिकत नाही. उशीर होऊन भेगा पडल्याच, तर त्यांत खत सारावे. न खणता ते खोल जाते. वर आच्छादन घालावे आणि त्या वाफ्यात पुन्हा पाय ठेवू नये.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे: आपल्या हवेत सेंद्रिय खत टिकत नाही. खरे आहे, यंदा घातलेले पुढच्या पावसाळ्यापर्यंत बरेचसे ओसरते. पण त्याने एवढेच ठरते, की हे एकदाच करून मोकळे व्हायचे काम नाही. मिठागराचा तळ तरी एकदा तुडवून कुठे भागतो? खत ओसरताना जिवाणूंनी सोडलेला चिकटा ढेपळे धरून ठेवतो, गांडुळांच्या आणि मुळांच्या वाटा मागे राहतात, आणि पुढच्या वर्षीची भर त्यांवर पडते. वाळवीची भीती रास्त आहे, म्हणून पाल्याचा ढीग इमारतीच्या भिंतीला लागून नको आणि सुका नको. इतके करून हाती येते ती मुरूम-रेतीला न जमणारी गोष्ट: चिकण माती पोटॅश, कॅल्शियम धरून ठेवते आणि ओलही. नळाच्या पाण्यासाठी वेळा सांभाळणाऱ्या शहरात एप्रिल-मेमध्ये झाडाला एखादे पाणी उशिरा मिळाले, तरी ते तग धरते ते तिच्या जोरावर.