चाळीसची पाटी, साठचं रडार

दुबईत गाडी चालवणाऱ्या आपल्या कुणालाही रस्त्याचं लिमिट विचारा. तो पाटीवरच्या आकड्यात वीस मिळवूनच उत्तर देईल. पाटी ऐंशीची असली की रडार शंभरच्या पुढे फोटो काढतं, हे इथे नव्याने आलेल्यालाही पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं. ही वीसची सवलत मोठ्या रस्त्यावर मला फारशी खटकत नाही. माझं काम वस्तीतल्या रस्त्यांची सुरक्षा तपासण्याचं आहे आणि तिथे मात्र ती जिवावर बेतणारी आहे, असं माझं ठाम मत आहे.

गणित करून बघा. 120 वर वीस म्हणजे सहावा हिस्सा. 40 वर वीस म्हणजे थेट दीडपट वेग आणि धडकेची ऊर्जा सव्वादोन पट. मिर्दिफसारख्या व्हिलांच्या वस्तीत दोन कुंपणांमधून पायी जायची अरुंद बोळ असते, तिला इथे सिक्का म्हणतात. सिक्क्याच्या तोंडाशी एखादी उंच लँड क्रूझर उभी असते आणि तिच्याआडून सायकलवरचं पोर अचानक रस्त्यावर येतं. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि भानावर यायला एक सेकंद धरला, तर चाळीसने येणारी गाडी साधारण वीस मीटरमध्ये थांबते. साठने येणाऱ्या गाडीचे सतरा मीटर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपलेले असतात. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे ही दुसरी अजून पंचावन्नच्या वेगात असते. त्या पोराच्या उंचीला गाडीचं बॉनेट येतं, हेही लक्षात घ्या.

इथले पोलीस ढिले आहेत, असं मुळीच नाही. स्कूलबसचा लाल 'स्टॉप' बाहेर आला असताना पुढे गेलात तर 1000 दिरहम दंड आणि दहा ब्लॅक पॉइंट्स. असे चोवीस पॉइंट्स झाले की लायसन्स निलंबित. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट दिली नाही तर 500 दिरहम आणि सहा पॉइंट्स. दुबईत 2007 मध्ये लाख लोकांमागे जवळपास बावीस जण रस्त्यावर मरत होते, 2023 मध्ये तो आकडा 1.6 वर आला. हे मोठं यश आहे आणि त्यात पोलिसांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच मला राहून राहून वाटतं, की बस निघून गेल्यावर त्याच गल्लीतून कुणी 58 ने गेला तर साधा फोटोही निघू नये, हे या व्यवस्थेला शोभत नाही.

अबू धाबीने हा प्रश्न 12 ऑगस्ट 2018 पासून निकालात काढला. सवलत बंद, पाटीवर असेल तोच रडारचा आकडा. दुबईकडे येणाऱ्या महामार्गावर 120 च्या पाट्या जाऊन 140 च्या आल्या. लोक आधी कुरकुरले. पण पाटी खरं बोलायला लागली, हा फायदा मला कोणत्याही दंडापेक्षा मोठा वाटतो. वेगाच्या दंडाचा तक्ता मात्र देशभर एकच आहे. वीसपर्यंत जास्त गेलात तर 300 दिरहम, मग तो महामार्ग असो की शाळेमागची गल्ली. तिथे टक्केवारीचा हिशेब यायला हवा.

रडार एकट्याने पुरत नाही, हेही खरं. सरळसोट, रुंद, दोन्हीकडे पार्किंग रिकामं असलेला रस्ता दिला की भला माणूसही साठवर जातो. म्हणून आम्ही आराखड्यात लेन अरुंद करायला सांगतो, क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणायला सांगतो, गतिरोधक इतक्या जवळ मागतो की दोघांच्या मधे वेग पकडताच येऊ नये. पण हे डांबरावर उतरायला वर्षं जातात. रडारचा आकडा बदलायला डांबर उखडावं लागत नाही.

दर वर्षी ऑगस्टअखेर शाळा उघडतात, त्या दिवशी इथे 'अपघातमुक्त दिवस' पाळतात. आधी शपथ घेऊन त्या दिवशी नीट गाडी चालवणाऱ्याचे चार ब्लॅक पॉइंट्स कमी होतात. माझी मागणी एवढीच आहे, की त्या दिवसापासून शाळांच्या आसपासच्या वस्त्यांतली रडार चाळीसला लावावीत आणि वर्षभर तशीच ठेवावीत.