स्लाइडवरचं कापड

"सील आहे ना, मग वर काही लागत नाही." डीलरच्या माणसाचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

आम्ही सिएटलजवळ राहतो. मुलं कॉलेजला गेली तेव्हा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला. सोफा आणि जेवणाचं टेबल स्लाइड-आउटमध्ये. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, खोलीचा तेवढा भाग भिंतीतून बाहेर सरकतो आणि आत ऐसपैस जागा होते. निघताना पुन्हा आत घ्यायचा. तो बाहेर असतो तेव्हा त्याचं सपाट छत पावसात उघडं पडतं. त्यावर ताणायच्या कापडाला स्लाइड टॉपर म्हणतात. आम्ही विचारलं होतं, तेव्हा वरचं उत्तर मिळालं.

इकडे ऑक्टोबरात पाऊस धरतो तो वसंत ऋतूपर्यंत हटत नाही. ऑलिंपिक नॅशनल पार्कमधल्या होह रेन फॉरेस्टात तर वर्षाला सुमारे १४० इंच पडतो, म्हणजे आपल्या कोकणाच्या तोडीचा. त्यात डग्लस फरच्या झाडांच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं. ओल्या झाल्या की छताला चिकटून बसतात. स्लाइड आत घेताना भिंतीवरच्या रबरी पट्टीनं, म्हणजे त्या सीलनं, त्या पुसून काढाव्यात अशी योजना असते, पण कितीतरी सुया पट्टीखालीच अडकतात. पट्टी मुडपते आणि त्या फटीतून पाणी आत झिरपतं.

पहिला हिवाळा सरला तेव्हा सोफ्यामागच्या कोपऱ्यातली जमीन पायाखाली दबायला लागली. वरचं आच्छादन उचललं तर खालचा लाकडी तक्ता फुगलेला, पापुद्रे सुटलेले. नखानं खरवडलं तरी भुसा हातात येत होता. कुबट वास कपड्यांनाही लागला होता.

वॉरंटीची मुदत संपली नव्हती. डीलरनं फोटो काढले आणि कळवलं, की सीलची देखभाल ही मालकाची जबाबदारी, हे वॉरंटीत बसत नाही. विकताना सील पुरेसं होतं, आणि गळल्यावर तेच सील आमच्या गळ्यात!

खरा धक्का पुढेच होता. शिडी लावून वर पाहिलं, तर स्लाइडच्या वरच्या बाजूला ट्रेलरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमची रेल कारखान्यातूनच ठोकलेली. टॉपरच्या कापडाची कड ज्यात सरकवतात तीच. म्हणजे इथे कापड लागेल हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात जाणारा आणि आमच्या पावसात येणारा ट्रेलर तिथून सारखाच निघतो, टॉपर ज्याला हवा त्यानं वेगळा घ्यावा, हे मी समजू शकते. पण विकणारा तर इथलाच होता. दर हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या आवारात त्याच सुया पडतात. त्यानं "लागत नाही" म्हणावं? बांधणाऱ्यानं चारी खोल्यांवर कौलं घातली आणि पडवी तेवढी उघडी ठेवली, तर कोकणात त्याला कुणी मजुरी देईल का?

जमीन पदरच्या पैशानं दुरुस्त केली. टॉपर बसवायला वर्कशॉपनं मागितलेली मजुरी कापडाच्या किमतीहून जास्त होती, म्हणून आम्ही दोघांनीच तो बसवला. स्लाइड पूर्ण बाहेर काढली. रेलमध्ये सिलिकॉनचा फवारा मारला. रोलरवर गुंडाळलेल्या कापडाची दोरी भरलेली कड एका टोकाकडून आत सरकवली. मी एका शिडीवर, नवरा दुसऱ्या. कापड तिरकं झालं की रेलमध्ये अडकायचं. मग दोन्ही टोकांचे ब्रॅकेट स्लाइडच्या कडेला स्क्रूनं बसवले आणि स्क्रूच्या डोक्यांवर सीलंट लावलं.

राहिली स्प्रिंग. रोलरच्या पोटात ती असते, तिच्याच जोरावर कापड ताठ राहतं आणि स्लाइड आत घेतली की गुंडाळलं जातं. माहितीपत्रकात दिलेत तितकेच वेढे पान्यानं द्यायचे. दर वेढ्याला पाना जड होत जातो. मध्येच मनगट भरून आलं तेव्हा सगळा ताण माझ्या हातात होता; पाना सुटला असता तर तो उलटा फिरून तोंडावरच बसला असता.

"सोडू नकोस हं, मी पिन घालतोय," नवरा म्हणाला.

"घाल लवकर, हात थरथरतोय."

पिन भोकात बसली, तिचा खट्ट आवाज आला, आणि मग मी श्वास सोडला. हे काम एकट्यानं करू नये. कितीही घाई असो, डोळ्यांवर चष्मा हवा आणि चेहरा पान्याच्या वाटेत नको.

इतकं करून कलालॉकला समुद्राकाठी गेलो, तर वाऱ्यानं ते कापड रात्रभर फडफडत राहिलं. झोप नाही. सकाळी बघतो तर मधोमध पाण्याचं तळं. स्लाइड आत घेतली तेव्हा ते सगळं धो धो खाली आलं. त्या सकाळी मला मनापासून वाटलं, की टॉपर न लावता निघताना शिडीवर चढून झाडू मारणारे जुने लोकच शहाणे. अजूनही जोराचा वारा असला की तसंच वाटतं आणि आम्ही स्लाइड आत घेऊन दाटीवाटीनं झोपतो. पण फरच्या झाडांखाली मुक्काम केला की सुया कापडावर राहतात, पट्टी कोरडी असते आणि कोपरा पायाखाली टणक लागतो.

त्या डीलरवरचा राग मात्र गेलेला नाही, आणि जाऊही नये. इकडे ट्रेलर घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सही करण्याआधी शिडी मागा, स्लाइडच्या वर रेल आहे का बघा. असेल तर टॉपरसकट किंमत मागा. कुणी "लागत नाही" म्हणालं, तर तेवढं वाक्य त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.