खेळ आणि वेळ

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घराकडे निघालो असता धर्मग्रामातील एक बाई वाटेत उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान आखातात नोकरीस. घरी वृद्ध सासू, थोडी भातशेती आणि नववीत शिकणारा मुलगा. "फादर," त्या म्हणाल्या, "पोरगा संगणकावर कसला तरी लढाईचा खेळ खेळतो. त्यात जादू आहे, मुडदे उठतात म्हणे. खेळू देऊ की बंद करू? तुम्ही सांगाल तसे करते."

"बंद करा," हे शब्द आमच्या जिभेवर आले होते. ते आम्ही आवरले, याचे श्रेय आमच्या शहाणपणास नाही. आमच्या लहानपणी वडिलांनी पत्त्यांचा कॅट चुलीत टाकला होता आणि त्यानंतर वर्षभर आम्ही गोठ्यामागे चोरून पत्ते खेळलो होतो, त्याची आठवण झाली. जे पाहिलेच नाही, त्यावर निकाल कसा द्यावा? "पाहून सांगतो, बाई," एवढेच बोलून आम्ही त्यांचा निरोप घेतला.

दुसऱ्याच दिवशी मुलाने तो खेळ आमच्या कचेरीतील जुन्या संगणकावर घालून दिला. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हे त्याचे नाव. डेव्हिड व्हाईट नामक गृहस्थांनी तो २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी त्यात भर घातली आहे. संगणकावर तो विनामूल्य मिळतो. मुलगा गुरू झाला आणि चाळिशी ओलांडलेले आम्ही त्याचे शिष्य झालो.

वाचकहो, हा खेळ बुद्धिबळाच्या जातीचा आहे. पट षट्कोनी घरांचा. आधी आपली पाळी, मग शत्रूची. मात्र येथे नशिबाचाही वाटा असतो आणि तो वाटा जमिनीप्रमाणे बदलतो. सपाट मैदानात उभ्या असलेल्या साध्या मानवी सैनिकावर शत्रूचे शंभरांपैकी ६० घाव लागतात. तोच गावाच्या आश्रयास गेला तर ४० लागतात आणि उथळ पाण्यात सापडला तर ८०. जखमी सैनिक गावात थांबला की पाळीगणिक त्याचे बळ थोडे भरून येते. न्यायप्रिय सैन्य दिवसा पाव हिश्शाने अधिक जोराने लढते आणि रात्री तितकेच दुबळे पडते. काळोखाच्या पक्षाचे याच्या उलट. आम्ही पहिल्याच लढाईत उतावळेपणाने नदी ओलांडली, भर रात्री शत्रूवर चालून गेलो आणि सारे सैन्य गमावून बसलो. "फादर, उजाडेपर्यंत थांबायचे होते," मुलगा शांतपणे म्हणाला. सबुरीचा हाच उपदेश आम्ही वेदीवरून किती वेळा केला असेल!

बाईंची खरी धास्ती जादूची होती, म्हणून तो भागही आम्ही मुद्दाम पाहिला. त्यातील एका कथेत मालिन केशर नावाचा तरुण आहे. सीमेवरचे त्याचे गाव ऑर्क नावाच्या रानटी टोळ्यांच्या हल्ल्यांनी जेरीस आलेले असते. गाव वाचविण्यासाठी तो मृतांस उठविण्याची निषिद्ध विद्या हाती घेतो. हेतू चांगला, साधन वाईट. ज्या गावासाठी हे केले, तेच गाव त्याला हाकलून देते. आणि पायरीपायरीने घसरत तो अखेर आपले माणूसपणच हरवून बसतो. आम्ही मुलास विचारले, "याची पहिली चूक कोणती?" तो विचारात पडला आणि म्हणाला, "एकदाच करतो, असे म्हणाला ती." धर्मशिक्षणाच्या वर्गात असे उत्तर आम्हांस क्वचितच मिळते.

येथवर सारे ठीक होते. आता जे सांगावयाचे, ते सांगताना आम्हांस लाज वाटते.

एका रात्री दहाच्या सुमारास आम्ही एकटेच पटापुढे बसलो होतो. पलीकडच्या वाडीवरून एक तरुण पावसात भिजत आला. त्याचे आजोबा अत्यवस्थ होते आणि फादरांची वाट पाहत होते. "हो पुढे, पाच मिनिटांत येतो," आम्ही म्हणालो. लढाई रंगात आली होती. एवढीच पाळी, मग आणखी एकच. आम्ही उठलो तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती. देवाच्या दयेने आजोबा शुद्धीवर होते. त्यांनी पापनिवेदन केले, पवित्र तेल व ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि पहाटे त्यांनी डोळे मिटले. मागाहून त्यांची लेक सहज म्हणाली, "बाबा सारखे दाराकडे बघत होते, फादर." तिला काही ठाऊक नव्हते. आम्हांस मात्र ठाऊक होते.

हा दोष खेळाच्या माथी मारणे सोपे होते. पण ते खरे नव्हे. पाळीपाळीने चालणाऱ्या या खेळात आपण उठून गेलो तर शत्रू हलत नाही. डाव होता तसा जतन करून आठवड्याने पुढे चालू करता येतो. म्हणजे त्या रात्री आम्हांस कोणीही बांधून ठेवले नव्हते. खेळात डाव फसला तर मागच्या जागेवर परत जाता येते, आणि ही सवय आम्हांस फार लवकर जडली होती. त्या म्हाताऱ्याची पंचवीस मिनिटे मात्र परत आणता येत नाहीत. त्यांचा पश्चात्ताप होतो, क्षमाही मिळते. पण ती गेली ती गेलीच.

सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस त्या दिवसांत पुन्हा उघडले. 'सुम्मा' या ग्रंथात ते एक जुनी गोष्ट सांगतात. संत योहानांस शिष्यांसह खेळताना पाहून काही जणांस वाईट वाटले, तेव्हा योहानांनी एका धनुर्धरास विचारले, "तू सतत बाण सोडू शकशील काय?" धनुष्य मोडेल, असे त्याने सांगितले. मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाले. यावरून थॉमस खेळास आवश्यक मानतात. परंतु तीन अटी घालतात. खेळात काही अमंगळ वा घातक नसावे. मनाचा तोल सुटू नये. आणि व्यक्ती, स्थळ व काळ यांस तो शोभणारा असावा. पहिल्या अटीस हा खेळ उतरला. दुसऱ्या व तिसऱ्या अटीस खेळाडू उतरला नाही, आणि तो खेळाडू नववीतला मुलगा नव्हता.

मग बाईंच्या घरी जाऊन आम्ही घडले ते सारे त्यांस सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. निर्णय असा ठरला : शनिवारी संध्याकाळी अभ्यास व गोठ्याचे काम आटोपल्यावर मुलाने एक लढाई खेळावी, दार लावून नव्हे, तर आजीच्या समोर बसून, इंटरनेटवर अनोळखी माणसांशी खेळू नये, आणि आईची हाक आली की चालू असलेल्या पाळीतच उठावे. "हाकेला उठला नाही, तर तो खेळ त्याच्यासाठी वाईट," एवढीच खूण आम्ही सांगितली.

आमच्या कचेरीतून मात्र आम्ही तो खेळ काढून टाकला आहे. कधी शनिवारी त्या बाजूस गेलो, तर आजीशेजारी बसून घटकाभर पाहतो. परवा अशीच लढाई रंगात आली असता आतून बाईंनी हाक मारली, "अरे, गाय सुटली बघ!" मुलगा उठून धावला. आम्ही पटाकडे एकवार पाहिले आणि त्याच्या मागोमाग गाय धरावयास गेलो.